कूटलेख : तंत्रज्ञान कंपन्यांचे समभाग आणि हिशोबाची सचोटी

आपल्या समाजातील कुटुंबांनी समभागांत पैसे गुंतवताना तंत्रज्ञान कंपन्यांना झुकते माप दिले, त्यामागे केवळ नफ्याचे आकर्षण नव्हते. श्रावकाने कोणता व्यवसाय करावा आणि कोणता वर्ज्य मानावा, याचा विचार आपल्याकडे फार पूर्वीपासून झालेला आहे. पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आहे, विषवाणिज्य आहे, वने तोडण्याचा आणि तळी आटवण्याचा धंदा आहे. ही यादी मनात ठेवून जो श्रावक समभाग निवडू लागतो, तो मद्याच्या कंपन्या वगळतो, चामड्याच्या, मांसाच्या, कीटकनाशकांच्या वगळतो. काही जण साखर कारखाने आणि औषध कंपन्याही वगळतात. मग उरते काय? संगणकासमोर बसून आज्ञावली लिहिणाऱ्या तरुणांची कंपनी. तेथे कोणत्याही जीवाचा वध नाही, धूर नाही, भट्टी नाही. शिवाय घरातलाच एखादा मुलगा किंवा सून पुण्यात अथवा बंगळुरूत अशा कंपनीत नोकरीला असते. निर्दोष व्यवसाय आणि ओळखीचे दार, असा दुहेरी विश्वास तेथे निर्माण झाला.

हा विश्वास अस्थानी होता असे मला म्हणावयाचे नाही. परंतु समभागाला आपण अहिंसेची चाळणी लावली आणि तेवढ्यावर थांबलो, हे मात्र खरे. सत्याणुव्रताची चाळणी लावलीच नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया आणि न्यासापहार हे दोन आहेत. दुसऱ्याने जे सांगितले नाही किंवा केले नाही, ते त्याने सांगितले वा केले असे फसवणुकीसाठी लिहून ठेवणे, ही कूटलेखक्रिया. विश्वासाने ठेवलेली ठेव गिळंकृत करणे, हा न्यासापहार. आचार्यांसमोर लेखापरीक्षण अहवाल किंवा तिमाही निकाल नव्हते. पण व्यापारी माणूस नेमका कोठे घसरतो हे त्यांना ठाऊक होते. सध्या तंत्रज्ञान कंपन्यांनी जाहीर केलेल्या आकड्यांविषयी जी शंकाकुशंका ऐकू येते आणि ‘ठेवावे की विकावे’ असा जो प्रश्न अनेक घरांत पडला आहे, त्याचा विचार करताना या दोन शब्दांचा आधार फार उपयोगी पडतो. त्यासाठी जुने असले तरी पुरते उघडकीस आलेले एक प्रकरण नीट वाचावे, असे मला वाटते. ते म्हणजे हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचे.

७ जानेवारी २००९ रोजी या कंपनीचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला एक पत्र लिहून राजीनामा दिला. पत्राच्या प्रती सेबीला आणि शेअर बाजारांनाही गेल्या. त्यातील आकडे व्यापाऱ्याने वहीतील नोंदीप्रमाणे सावकाश वाचावेत असे आहेत. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख आणि बँकेतील शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवली होती. त्यांपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. म्हणजे वहीत शंभर रुपये शिल्लक आणि पेटीत सहा. त्या नसलेल्या रकमेवर जमा झालेले म्हणून ३७६ कोटी रुपयांचे व्याजही दाखवले होते. १,२३० कोटी रुपयांचे देणे लपवले होते आणि येणे ४९० कोटींनी फुगवले होते.

याहून बोधप्रद आहे तो त्याच तिमाहीचा नफा. जाहीर केलेली विक्री २,७०० कोटी, खरी २,११२ कोटी. जाहीर केलेला व्यवसायातील नफा ६४९ कोटी, खरा ६१ कोटी. दोन्ही ठिकाणची वजाबाकी करून पाहा. विक्रीतील फरक ५८८ कोटी आणि नफ्यातील फरकही ५८८ कोटीच. हा योगायोग नव्हे. खऱ्या विक्रीबरोबर खर्च येतो. माल कमी होतो, गुमास्त्याचा पगार, वाहतूक, भाडे हे सारे तिच्याबरोबर येते. खोटी विक्री कागदावर जन्मते, तिला काही खर्च नसतो, म्हणून ती सगळीच्या सगळी नफ्यात उतरते. खरा नफा शेकडा तीन होता, तो असा शेकडा चोवीस झाला.

आता प्रश्न असा की, ही खोटी विक्री वहीत कोठे बसवावयाची? जमाखर्चाची ओळख असलेल्या कोणालाही उत्तर माहीत आहे. विक्री जमा केली की तिची दुसरी बाजू कोठेतरी नावे पडलीच पाहिजे. एक तर ती उधारीत जाईल, नाही तर रोखीत. उधारी फार वाढली की कोणी तरी विचारतोच, ‘शेठजी, हे येणे वर्षभर वसूल का होत नाही?’ म्हणून उधारी वसूल झाली असे दाखवून रक्कम बँकेत जमा झाल्याचे लिहावे लागते, आणि त्यासाठी बँकेची कागदपत्रे बनवावी लागतात. तपासात बनावट विक्रीची बिले सात हजारांहून अधिक निघाली. मुदत ठेवींच्या पावत्या आणि बँकेची विवरणेही बनावट होती. बँकेने जे लिहिले नाही ते बँकेच्या नावाने लिहिलेले, ग्राहकाने जे मागितले नाही ते ग्राहकाच्या नावाने लिहिलेले. कूटलेखक्रियेची व्याख्या इतकी अक्षरशः क्वचितच उतरत असेल.

मग लेखापरीक्षक काय करीत होते? प्राइस वॉटरहाउससारखे जगन्मान्य नाव त्या अहवालांखाली होते. अमेरिकेतील नियामकांनी नंतर जो निष्कर्ष काढला तो साधा आणि म्हणूनच अस्वस्थ करणारा आहे. बँकेतील शिल्लक खरी आहे काय, हे परीक्षकाने बँकेला स्वतः विचारावे आणि बँकेचे उत्तर थेट परीक्षकाकडे यावे, ही पद्धत. येथे ती पत्रे पाठवण्याचे आणि उत्तरे आणण्याचे काम कंपनीच्याच व्यवस्थापनावर सोपवले गेले होते. आपल्या पेढ्यांवरील जुने दिवाणजीही एवढी खबरदारी घेत. समोरच्या व्यापाऱ्याकडे आपले किती येणे आहे याचा खातेउतारा ते त्याच्याच सहीने मागवीत. मधल्या दलालाच्या तोंडी निरोपावर वर्षअखेरीचे खाते मिळवून टाकीत नसत.

कोणतीही खूण आधी दिसत नव्हती असे मात्र नाही. २००१ मध्ये प्रवर्तकांचा हिस्सा पंचवीस टक्क्यांच्या वर होता, तो २००८ पर्यंत नऊ टक्क्यांच्या आत आला. दुकानाचा मालकच दुकानातील आपला वाटा वर्षानुवर्षे कमी करीत असेल आणि गिऱ्हाइकांना मात्र धंदा जोरात चालल्याचे सांगत असेल, तर शेजारचा दुकानदार काय समजतो? उरलेल्या समभागांवर कर्ज काढलेले होते, ते सामान्य भागधारकाला कळण्याची तेव्हा सोय नव्हती. मग आला १६ डिसेंबर २००८. राजू कुटुंबाशी संबंधित मेटास नावाच्या दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना विकत घेण्याचे सत्यमच्या मंडळाने ठरवले. एक कंपनी बांधकामाची, एक जमिनीची. (इंग्रजी अक्षरे उलटी लावली की सत्यमचे मेटास होते. नाव ठेवणाऱ्याला त्यातील सूचकता त्या वेळी जाणवली असेल का, कोण जाणे.) गुंतवणूकदारांनी असा संताप व्यक्त केला की काही तासांतच निर्णय मागे घ्यावा लागला, आणि न्यूयॉर्कच्या बाजारातील भाव एका दिवसात निम्म्याहून खाली आला. जानेवारीच्या पत्रात राजूंनीच त्याचा उलगडा केला : ताळेबंदातील काल्पनिक मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणून बसवण्याचा तो शेवटचा प्रयत्न होता. डिसेंबर अखेरीस काही स्वतंत्र संचालक पायउतार झाले. पत्र बाहेर पडले त्या दिवशी समभाग सुमारे ७८ टक्के कोसळून चाळीस रुपयांच्या आसपास आला, आणि दोन दिवसांनी तर काही काळ पंधरा रुपयांच्याही खाली गेला.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या पत्राच्या अवघ्या चार महिने आधी, सप्टेंबर २००८ मध्ये, उत्तम कंपनी-प्रशासनासाठीचा ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार सत्यमला मिळाला होता. तो पुढे परत घेण्यात आला. पुरस्कार, मानपत्रे, मुखपृष्ठावरील छायाचित्रे यांना हिशोबाचा पुरावा मानू नये, याला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. आपल्या समाजात तर सत्कारसमारंभांची वाण नाही. तेव्हा हे आपण विशेष लक्षात ठेवलेले बरे.

पुढे कायदा बदलला. समभाग तारण ठेवले असतील तर प्रवर्तकांनी ते जाहीर करावे, हा नियम सेबीने त्याच जानेवारीत केला. २०१३ च्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षण संस्थेला सलग दहा वर्षांची मर्यादा घातली, संबंधित व्यक्तींशी होणाऱ्या व्यवहारांवर बंधने आणली, भागधारकांना एकत्र येऊन दावा करण्याची तरतूद कलम २४५ मध्ये दिली. ही शेवटची तरतूद आधी नव्हती, आणि तिच्या अभावाची किंमत मोठी होती. अमेरिकेतील भागधारकांना सामुदायिक दाव्यातून कंपनीकडून साडेबारा कोटी डॉलरची भरपाई मिळाली. त्याच खोट्या आकड्यांवर विसंबलेल्या आपल्याकडील भागधारकाला तसे काही मिळाले नाही. न्यायाचा मार्गही लांबचा ठरला. हैदराबादच्या विशेष न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये राजू आणि इतर नऊ जणांना, त्यांत लेखापरीक्षण संस्थेचे दोन भागीदारही होते, दोषी ठरवले. महिन्याभरात अपिलात शिक्षेला स्थगिती मिळाली. सेबीने जानेवारी २०१८ मध्ये प्राइस वॉटरहाउसच्या संस्थांना सूचीबद्ध कंपन्यांच्या लेखापरीक्षणापासून दोन वर्षे दूर ठेवण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २०१९ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती बंदी रद्द ठरवली. दहा वर्षे उलटून गेल्यावर लागलेल्या निकालाने कोणाच्या मुलीचे लग्न किंवा मुलाचे शिक्षण मार्गी लागत नाही.

एवढे वाचून कोणी लगेच फोन उचलून दलालाला ‘सगळे विका’ असे सांगू नये. शंका घेणे हे जसे कर्तव्य आहे, तशी शंका निराधार ठरणे ही शक्यताही आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये इन्फोसिसच्या व्यवस्थापनाविरुद्ध निनावी तक्रारी उजेडात आल्या. मोठ्या करारांचा हिशोब आणि नफा चांगला दिसावा म्हणून टाकलेला दबाव, असा त्यांचा रोख होता. २२ ऑक्टोबरला समभाग एका दिवसात सुमारे सोळा टक्के पडला. सत्यमची आठवण असणाऱ्या कित्येकांनी त्या दिवशी मिळेल त्या भावाने विक्री केली असेल, आणि त्यांना दोष देता येत नाही. परंतु कंपनीच्या लेखापरीक्षण समितीने बाहेरच्या कायदेतज्ज्ञांकरवी चौकशी केली आणि जानेवारी २०२० मध्ये आरोपांना पुरावा आढळला नसल्याचे जाहीर केले. तोवर पडलेला भाव बहुतांशी भरूनही आला होता. अनेकांतवादाच्या परंपरेत वाढलेल्या माणसाने आरोपाच्या एका बाजूवरून निर्णय करू नये. परंतु ‘दोन्ही बाजू असतात’ असे म्हणून वही न उघडताच बसून राहणे हाही अनेकांत नव्हे.

म्हणून वही उघडावी. वार्षिक अहवाल आता प्रत्येक सूचीबद्ध कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतो, आणि आपल्या पेढीवर बसणाऱ्या माणसाला तो वाचता येणार नाही असे मी मानत नाही. पहिली शंभर पाने चकचकीत असतात, ती सोडून द्यावीत. सुरुवात रोख प्रवाहाच्या पत्रकापासून करावी. पाच वर्षांचा नफा एका ओळीत मांडावा, व्यवसायातून प्रत्यक्ष आलेली रोकड त्याच्याखाली मांडावी. दोन्ही सोबत चालत असतील तर मन निश्चिंत होऊ लागते. नफा वाढत असून रोकड मागे राहत असेल तर पैसा कोणाच्या तरी खात्यावर लिहिलेला आहे, आणि तो कोणाच्या हे शोधावे. तंत्रज्ञान कंपन्यांत एक विशेष नोंद असते : काम झाले म्हणून उत्पन्न धरले आहे, पण बिल अजून दिलेले नाही. मोठ्या कामांत हे स्वाभाविक आहे, कारण ठरावीक टप्प्यांवरच बिल निघते. मात्र काम किती टक्के झाले हे ठरवणारे व्यवस्थापनच असते. ही रक्कम विक्रीपेक्षा वेगाने वाढत असेल तर ते चांगले लक्षण नव्हे.

रोकड भरपूर दाखवली असेल तरी सत्यमनंतर तेवढ्याने समाधान मानता येत नाही. त्या रोकडीवर व्याज किती मिळाले, हे उत्पन्नाच्या बाजूला पाहावे आणि त्या काळातील बँकदराशी ताडून पाहावे. आपण मुदत ठेवीवर मिळालेल्या व्याजाचा पै न् पै हिशोब मागतो. हजारो कोटी रुपये बँकेत असताना त्यांवर नगण्य व्याज का, किंवा एवढी रोकड असूनही कर्ज का, असा प्रश्न भागधारकाने विचारावा. २०२० च्या जूनमध्ये जर्मनीतील वायरकार्ड ही पैसे देण्या-घेण्याच्या तंत्रज्ञानातील कंपनी बुडाली, तेव्हाही हेच निघाले : ताळेबंदातील एकशे नव्वद कोटी युरो कोणत्याच बँकेत नव्हते. तेथील नियामकाने तर संशय व्यक्त करणाऱ्या पत्रकारांविरुद्धच आधी तक्रार केली होती.

अलीकडे बाजारात आलेल्या नव्या पिढीच्या तंत्रज्ञान कंपन्यांचा प्रकार निराळा आहे. तेथे बहुधा खोटे लिहिलेले नसते, पण खरे फार मागच्या पानावर असते. ‘समायोजित’ नफा ठळक अक्षरांत छापतात आणि कर्मचाऱ्यांना दिलेल्या समभागांचा खर्च त्यातून वगळतात. दुकानातील नोकरांचे वेतन वगळून नफा सांगणाऱ्या व्यापाऱ्याला आपण काय म्हणू? त्याला लबाड म्हणता येणार नाही, कारण वगळल्याचे त्याने सांगितले आहे. पण त्याच्याशी सोयरीक करताना आपण पुन्हा एकदा विचार करू. तिमाही निकालांविषयीही गैरसमज आहे. वर्षअखेरीच्या हिशोबाची पूर्ण तपासणी होते, तिमाहीच्या आकड्यांचे केवळ मर्यादित पुनरावलोकन होते. भाव मात्र तिमाहीवरच वरखाली होतो.

अहवालाच्या शेवटी संबंधित व्यक्तींशी झालेल्या व्यवहारांची टीप असते. ती कंटाळवाणी वाटते, तरीही नावानिशी वाचावी. मेटास कोठून आले असते तर येथूनच. लेखापरीक्षकाच्या अहवालात त्याने कोणत्या बाबींवर अधिक वेळ दिला हेही आता लिहावे लागते, आणि मुदतीच्या मध्येच तो निघून गेला तर कारणे शेअर बाजाराला कळवावी लागतात. वर्षाच्या मध्यात मुनीम पेढी सोडून गेला की गावात त्याची चर्चा होते. हे त्याहून निराळे नाही.

आता घरातली गोष्ट. एकत्र कुटुंबात बहुतेक ठिकाणी समभागांचा निर्णय एका तरुणाच्या मोबाइलवर होतो आणि पैसा मात्र सर्वांचा असतो. आजीच्या ठेवीचा, बहिणीच्या स्त्रीधनाचा, दुकानातून बाजूला काढलेल्या भांडवलाचा. वडीलधाऱ्यांना ‘तुम्हाला यातले कळत नाही’ असे सांगितले जाते. मला हे पटत नाही. संगणकाची आज्ञावली त्यांना कळत नसेल, परंतु उधारी, रोकड आणि घरच्या माणसाशी केलेला व्यवहार या तीन गोष्टी त्यांना नातवापेक्षा अधिक कळतात, आणि सत्यममध्ये नेमके हेच तीन मुद्दे होते. परिग्रहाचे परिमाण ठरवताना जमीन, सोने, धान्य यांची मर्यादा जशी घरात बसून ठरते, तशी एका कंपनीत किंवा एका क्षेत्रात किती टक्के ठेवावयाचे, हीही मर्यादा भाव पडण्यापूर्वी घरात ठरावी. मुलगा ज्या कंपनीत नोकरी करतो तिचेच समभाग घरात अधिक असतील, तर पगार आणि पुंजी एकाच खुंटीला टांगलेली आहे. सत्यममध्ये पन्नास हजारांच्या आसपास कर्मचारी होते. त्यांच्यापैकी ज्यांच्याकडे कंपनीचे समभागही होते, त्यांची जानेवारी २००९ मधील अवस्था काय झाली असेल याची कल्पना करावी.

कंपनीचे पुढे काय झाले, हे ठाऊक नसल्याने काही घरांत अजून हानी होत असेल, म्हणून तेही सांगतो. सरकारने मंडळ बरखास्त करून दीपक पारेख, किरण कर्णिक आणि सी. अच्युतन यांना नेमले. एप्रिल २००९ मध्ये पुण्याच्या टेक महिंद्राने ५८ रुपये भावाने बोली जिंकली. कंपनीचे नाव महिंद्रा सत्यम झाले आणि जून २०१३ मध्ये ती टेक महिंद्रात विलीन झाली. सत्यमच्या सतरा समभागांना टेक महिंद्राचे दोन, असे प्रमाण होते. २००९ च्या जानेवारीत ‘आता ही रद्दी’ म्हणून ज्यांनी कागद पेटीत टाकले आणि पुन्हा पाहिले नाहीत, त्यांच्या नावावर हे समभाग असू शकतात. सलग सात वर्षे लाभांश उचलला नसेल, तर लाभांश आणि समभाग दोन्ही गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे वर्ग होतात. तेथून ते परत मिळवण्यासाठी आयईपीएफ-५ हा अर्ज भरावा लागतो. मूळ धारक हयात नसेल तर वारसाची कागदपत्रे लागतात. पर्युषणापूर्वी घरातील जुन्या पेट्या आणि कपाटे साफ होतातच. त्या वेळी वडिलांच्या कागदांत सत्यमचे नाव दिसले, तर कागद बाजूला काढून ठेवावा आणि प्रथम फोलिओ क्रमांक वाचता येतो का ते पाहावे.